फडफडणारे हात : स्वमग्न मुलांच्या चाळ्यांकडे पाहण्याच्या नजरेचा इतिहास

हात पंखांसारखे फडफडवणे, बसल्या जागी पुढेमागे डोलणे, स्वतःभोवती गिरक्या घेणे, डोळ्यांसमोर बोटे नाचवणे, झाकणे-ताटल्या भोवऱ्यासारख्या फिरवणे, एकच हुंकार किंवा एकच शब्द तासन्‌तास घोळवणे, फिरत्या पंख्याकडे टक लावून पाहणे, भेटेल त्या वस्तूचा वास घेणे : स्वमग्न व्यक्तींच्या या सवयींना मराठी घरांत ‘चाळा’ म्हणतात आणि दवाखान्यात ‘स्टिमिंग’. कानांवर हात दाबून धरणे, ठरावीक कापडाशिवाय दुसरे अंगाला लागू न देणे, विशिष्ट पोताचे अन्न तोंडात न घेणे या सवयीही त्यांच्याच शेजारच्या. हालचाली त्याच राहिल्या. त्यांचा अर्थ मात्र गेल्या आठ दशकांत चार-पाच वेळा बदलला, आणि प्रत्येक बदलाचे परिणाम मुलांच्या अंगावर उमटले.

या इतिहासाची पहिली ठळक नोंद ऑक्टोबर १९३८ची आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या गावाहून पाच वर्षांच्या डोनाल्ड ट्रिपलेटला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाकडे आणले गेले. त्याच्या वडिलांनी आधीच टंकलिखित तेहतीस पानांचे पत्र पाठवले होते. मूल हसते कधी, घाबरते कशाला, काय फिरवते, काय घोकते, असे सगळे त्यात होते. डोनाल्ड हाताला लागेल ती फिरण्याजोगी वस्तू जमिनीवर फिरवी आणि ती फिरू लागली की आनंदाने उड्या मारी. तो मान डावीउजवीकडे हलवत असे आणि तीन सुरांची तीच धून गुणगुणत असे. १९४३ मध्ये कॅनर यांनी अशा अकरा मुलांवर (आठ मुलगे, तीन मुली) शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हे स्वतंत्र निदान म्हणून रूढ झाले. त्याच्या दोन मुख्य खुणा त्यांनी मांडल्या : माणसांपासूनचा दुरावा आणि सगळे जसेच्या तसे राहावे हा हट्ट. वस्तू फिरवताना मुलांच्या चेहऱ्यावर दिसणारा उत्कट आनंद त्यांच्या नजरेतून सुटला नाही, पण काळाच्या रीतीप्रमाणे त्यांनी त्याची संगती लैंगिक सुखाशी लावली. मुलाला त्या फिरण्यात काय दिसत असेल, काय ऐकू येत असेल, हा प्रश्न त्या निबंधाच्या चौकटीत बसत नव्हता. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी आपल्याकडे येणाऱ्या मुलांची चव, स्पर्श आणि आवाज यांबाबतची विलक्षण हळवी जाणीव नोंदवली. तो लेख जर्मन भाषेत होता आणि इंग्रजी जगाला तो कळायला चार दशके लागली.

भारतात त्या वेळी मुलांच्या मनाचा विचार करणारी जागा जवळपास नव्हती. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेने, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, १९३७ मध्ये देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते. १९४४ मध्ये दार्जिलिंगला काम करणाऱ्या ए. रोनाल्ड नावाच्या व्हिएन्नी बालरोगतज्ज्ञाने वेगळ्या वाढीच्या मुलांवर लेख लिहिला. भारतातल्या अशा मुलांचे हे सर्वांत जुने ज्ञात वैद्यकीय वर्णन मानले जाते. ऑटिझम हा शब्द भारतीय वैद्यकीय लेखनात उतरला तो १९५९ मध्ये.

त्याच १९५९ मध्ये भारताचे नाव या विषयात एका वेगळ्याच वाटेने आले. शिकागोतील ब्रुनो बेटलहाइम यांनी मेदिनीपूरच्या अमला आणि कमला या ‘लांडग्यांनी वाढवलेल्या’ मुलींवर निबंध लिहिला. १९२० मध्ये रेव्हरंड सिंग यांच्या अनाथाश्रमात आणलेल्या या मुली अन्न हुंगत, कच्चे मांस खात, अंधार शोधत, चावत. बेटलहाइम यांचे म्हणणे असे की त्यांच्या निवासी शाळेतली स्वमग्न मुलेही नेमके हेच करतात, तेव्हा लांडग्यांची गोष्ट बाजूला ठेवून या मुलींना स्वमग्न म्हणावे. सिंग यांची रोजनिशीच पुढे संशयाच्या भोवऱ्यात सापडली. तरीही हुंगणे-चाटणे यांसारख्या इंद्रियांच्या सवयींचा मानवी अर्थ लावण्याचा तो प्रयत्न होता. दुर्दैव असे की याच बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये सगळा दोष आईच्या थंडपणावर टाकणारे पुस्तक लिहिले. डोलणारे मूल म्हणजे आईने नाकारलेले मूल, हे त्यांचे मत कुठल्याही पुराव्यावाचून कित्येक वर्षे टिकले आणि असंख्य आयांनी ते मुकाट्याने सोसले. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञांनी, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, १९६४ मध्येच ऑटिझम जैविक असल्याची मांडणी केली होती. ती सर्वमान्य व्हायला वेळ लागला.

हालचालींचा अर्थ शोधण्याचा एक आरंभीचा शास्त्रीय प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. ऑक्सफर्डच्या कोरिन आणि जॉन हट यांनी १९६४-६५च्या सुमारास मुलांचे निरीक्षण करून सांगितले की खोलीत वस्तू आणि माणसे वाढली की या पुनरावृत्त हालचालीही वाढतात. मेंदू आधीच अतिजागृत असतो आणि तीच ती हालचाल त्याला आवर घालते, असा त्यांचा कयास होता. तो पुढे सर्वांशाने टिकला नाही, पण त्यात मुलाच्या बाजूने विचार होता. त्याच वर्षांत अटलांटिकच्या पलीकडे नेमका उलटा वारा वाहू लागला.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात (यूसीएलए) इव्हार लोवास या मानसशास्त्रज्ञाने बक्षीस आणि शिक्षा यांच्या आधारे स्वमग्न मुलांना शिकवण्याचा कार्यक्रम उभा केला. ज्यांना मोठ्या संस्थांमध्ये पलंगाला बांधून ठेवले जाई, ती मुले बोलू लागली, जेवू लागली, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. पण हात फडफडवणे आणि डोलणे हा शिकण्याच्या मार्गातला अडथळा आहे, हे या कार्यक्रमाचे गृहीतक होते. १९६५ मध्ये लोवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या जुळ्या भावांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात मुलांना अनवाणी उभे करून जमिनीतल्या विजेच्या जाळीतून झटके दिले होते. त्याच वर्षी मे महिन्यात ‘लाइफ’ साप्ताहिकाने या कामावर सचित्र लेख छापला आणि लाखो वाचकांनी तो आशेची बातमी म्हणून वाचला. १९७१ मध्ये लोवास यांनी दाखवले की मूल चाळ्यात गुंतलेले असताना आवाजाला उशिरा प्रतिसाद देते. पुढच्या वर्षी कोगल आणि कोव्हर्ट यांनी चाळा थांबवल्यावर शिकणे सुधारल्याचे लिहिले. त्यानंतर दिशा ठरूनच गेली. १९७३ मध्ये फॉक्स आणि अझरिन यांनी ‘अतिसुधारणा’ नावाची पद्धत मांडली. मूल वस्तू तोंडात घालत असेल, तर जंतुनाशकात बुडवलेल्या ब्रशने त्याचे तोंड वारंवार घासायचे. मान हलवत असेल, तर ती हाताने धरून सांगेल तशी मिनिटामागून मिनिटे फिरवायची. लोवास यांच्या १९८७च्या गाजलेल्या अभ्यासात आठवड्याला चाळीस तास शिकवलेल्या एकोणीस मुलांपैकी नऊ जण सामान्य शाळेत टिकल्याचा दावा होता. शेवटचा उपाय म्हणून मांडीवर चापट मारणे त्या उपचारातही होते. जगभरचे पालक हाच अभ्यास हातात घेऊन थेरपिस्ट शोधू लागले.

या वर्तनवादी परंपरेच्या आतच तिच्या गृहीतकाला छेद देणारे दोन अभ्यास झाले. त्यांच्याकडे द्यायला हवे होते तेवढे लक्ष कुणी दिले नाही. पहिला १९७८चा. अर्नोल्ड रिंकोव्हर यांच्याकडे आलेला एक मुलगा टेबलावर ताटली फिरवी आणि तिच्याकडे कान लावून बसे. रिंकोव्हर यांनी टेबलावर गालिचा अंथरला. ताटली पूर्वीसारखीच फिरत होती, पण आवाज येईना, आणि मुलाने ती फिरवणे सोडून दिले. म्हणजे मुलाला फिरणे नको होते, त्याला घरघर ऐकायची होती. दुसऱ्या मुलांचे कारण वेगळे निघाले : कुणाला डोळ्यांसमोरची चमक हवी, कुणाला हाताच्या सांध्यांत जाणवणारा ताण. रिंकोव्हर यांचा हेतू चाळा बंद करण्याचाच होता, पण कळले ते हे की वरून एकसारख्या दिसणाऱ्या सवयी प्रत्येक मुलाच्या वेगवेगळ्या इंद्रियाची भूक भागवतात. पुढे त्यांनी आवाजाची आवड असणाऱ्यांना आवाज करणारी, हाताळण्याची आवड असणाऱ्यांना तशी खेळणी दिली, आणि मुले शिक्षेवाचून खेळू लागली.

दुसरा अभ्यास १९८२चा, कॅनर यांच्याच बाल्टिमोर शहरातला. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ मुलांना निरनिराळ्या परिस्थितींत ठेवून पाहिले. डोके आपटणे हे एकच वर्तन एका मुलात काम टाळण्यासाठी येई, दुसऱ्यात लक्ष वेधण्यासाठी, तिसऱ्यात खोलीत कुणी नसतानाही, म्हणजे त्या आघातातून मिळणाऱ्या संवेदनेसाठी. कारण शोधल्यावाचून उपाय करू नये, हा नियम इथून रूढ झाला. स्वतःला इजा करणारी सवय आणि हात फडफडवण्यासारखी निरुपद्रवी सवय यांत फरक करायला हवा, हेही याच काळात ठळक झाले. दाढ दुखत असलेले, कान ठणकत असलेले आणि बोलता न येणारे मूल डोके आपटून ते सांगत असू शकते. तिथे आधी दात आणि कान तपासावे लागतात.

वर्तनवाद आणि आईला दोष देणारी मानसविश्लेषक मंडळी यांच्या बाहेर एक तिसरी वाट होती, ती ऑक्युपेशनल थेरपीची. तिचा भारतातला उगम मुंबईतला आहे. परळच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. ती आशियातली पहिली मानली जाते. जन्माने अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लंडी विवाहानंतर कमला निंबकर झाल्या, फिलाडेल्फियात हे शास्त्र शिकून आल्या आणि १९५२ मध्ये त्यांनी अखिल भारतीय ऑक्युपेशनल थेरपिस्ट संघटना उभी केली. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. त्यांच्या हयातीत ही विद्या मुख्यतः पोलिओ, अपघात आणि अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी होती. कॅलिफोर्नियात जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टने १९७२ मध्ये संवेदी एकात्मतेवरचे पुस्तक लिहिले, तेव्हा या विद्येला मुलांकडे वळण्याचे मोठे कारण मिळाले. एअर्स यांचे म्हणणे थोडक्यात असे : स्पर्श, तोल आणि स्नायू-सांध्यांची जाणीव मेंदूत नीट जुळत नसेल, तर मूल ती जाणीव शोधत राहते किंवा तिच्यापासून पळते. डोलणारे मूल तोलाची जाणीव मिळवत असेल, चिखलाला हात न लावणारे मूल स्पर्शापासून बचाव करत असेल.

मुंबई-पुण्यातले पालक आज ज्याला ‘ओटी’ म्हणतात, ती खोली याच विचारातून आली. छताला टांगलेला झोपाळा, मोठा चेंडू, ब्रश, वजनदार जाकीट, वाळूचा किंवा धान्याचा टब. गुजराती आणि कोकणी घरात झोपाळा आधीपासूनच असतो. ओटीच्या खोलीत तो कुठल्या मुलाला किती वेळ आणि कुठल्या दिशेने द्यायचा, याचा हिशेब ठेवला जातो. या उपचाराचे शास्त्रीय पाठबळ अपुरे आहे, हे इथे नमूद केले पाहिजे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये तो एकूण उपचाराचा एक भाग म्हणून चालेल असे सांगताना पुरावे मर्यादित असल्याचेही स्पष्ट केले. वजनदार पांघरुणांवरच्या २०१४च्या ब्रिटिश चाचणीत ६७ मुलांची झोप वाढली नाही, मात्र मुलांना आणि पालकांना तेच पांघरूण जास्त आवडले.

एअर्स यांच्या सिद्धांताला खरे बळ प्रयोगशाळेबाहेरून मिळाले, स्वमग्न माणसांच्या स्वतःच्या लेखनातून. टेम्पल ग्रँडिन यांनी १९८६च्या आत्मचरित्रात लहानपणी वाळू बोटांमधून सोडत तास घालवल्याचे आणि त्या वेळी बाकीचे जग बंद होत असल्याचे लिहिले. किशोरवयात मावशीच्या अॅरिझोनातील रँचवर गुरांना दोन बाजूंनी आवळून शांत करणारा पिंजरा पाहून त्यांनी स्वतःसाठी तसेच दाबयंत्र बनवले. माणसाची मिठी त्यांना सहन होत नसे. दाब किती आणि केव्हा हे स्वतःच्या हाती असेल, तर तोच दाब त्यांना शांत करी.

भारतातून आलेला आवाज म्हैसूर-बंगळुरात वाढलेल्या टिटो राजर्षी मुखोपाध्याय यांचा. जवळपास न बोलणाऱ्या या मुलाला आई सोमा यांनी लिहायला शिकवले. लंडनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने त्याचे पुस्तक २००० मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा तो अजून लहान मुलगाच होता. त्याने सांगितले की त्याला आपले शरीर तुकड्यातुकड्यांनी जाणवते, हात फडफडवले किंवा गिरकी घेतली की ते तुकडे जोडले जातात. आईने पुढे तयार केलेल्या बोट दाखवून शिकवण्याच्या पद्धतीवर वाणीतज्ज्ञांच्या संघटनांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत आणि ते लक्षात घेण्याजोगे आहेत. टिटो यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मजकुराची गोष्ट वेगळी आहे.

अमेरिकेत जिम सिंक्लेअर आणि इतरांनी १९९२ मध्ये स्वमग्न व्यक्तींची स्वतःची संघटना उभी केली. १९९६ पासून त्यांची शिबिरे भरू लागली. तिथे डोलणाऱ्याला कुणी थांबवत नसे आणि बोलायची इच्छा नसलेल्याशी कुणी बोलत नसे. लहानपणी ‘हात शांत’ ही आज्ञा ऐकत वाढलेली पिढी आता लिहिती झाली होती. ज्युलिया बॅस्कम यांनी २०११ मध्ये त्या आज्ञेचेच नाव असलेला लेख लिहिला. हात धरून दाबून ठेवल्यावर मुलाला काय वाटते, हे त्यात होते. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत आवाज, स्पर्श, वास, प्रकाश यांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणे हा प्रथमच निदानाचा अधिकृत निकष झाला. आस्पर्गर यांनी १९४४ मध्ये लिहिलेली गोष्ट निकषात यायला एकोणसत्तर वर्षे गेली.

भारतातली घडी दुसऱ्या गतीने बसत होती. इथे आधी निदान, शाळा आणि कायदा मिळवायचा होता, चाळ्याचा हक्क हा फार पुढचा प्रश्न होता. दिल्लीत मेरी बरुआ यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ उभी राहिली. मुंबईत २००१ मध्ये विभा कृष्णमूर्ती यांनी ‘उम्मीद’ बालविकास केंद्र सुरू केले. पालकांचा ‘फोरम फॉर ऑटिझम’, पुण्याचे ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’, औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) ‘आरंभ’ यांनी मराठी घरांपर्यंत हा विषय नेला. टमारा डेली यांनी शहरी भारतातील ९५ कुटुंबांशी बोलून २००४ मध्ये जे लिहिले, ते इथल्या पालकांच्या मनाचा ठाव घेणारे आहे : अमेरिकेत पहिली काळजी बहुधा बोलणे उशिरा येण्याची असते, भारतीय आईवडिलांना आधी खटकते ते मूल माणसांत मिसळत नाही हे.

कायद्याने मात्र मोठा फरक पडला. १९९५च्या अपंगत्व कायद्यातील सात प्रकारांत ऑटिझम नव्हते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत त्याला स्थान दिले. तो कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रमाणपत्रासाठी मापनी वापरली जाते ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने तयार करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली, ‘इसा’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी. तिच्यात सहा विभाग आणि चाळीस बाबी आहेत. प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण मिळतात. सत्तरच्या खाली ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. वर्तनाच्या विभागात पुनरावृत्त हालचाली आणि सारखेपणाचा हट्ट आहे. संवेदनांच्या स्वतंत्र विभागात आवाज-प्रकाशाचा अतिरेकी त्रास, वेदना न जाणवणे, वस्तू व माणसांना हुंगून-चाटून ओळखणे हे आहे. २००९ मध्ये इंद्रियांना वेगळा विभाग देणे ही या भारतीय मापनीची दूरदृष्टी म्हणावी लागेल, कारण अमेरिकन निदानपुस्तिकेला त्यासाठी आणखी चार वर्षे लागली.

कायदा केंद्राचा आणि मापनी एकच, त्यामुळे भाषेची आणि राज्याची हद्द इथे आड येत नाही. सुरतेच्या पश्चिमेला हजिऱ्याच्या रस्त्यावर असलेल्या इच्छापोरला राहणाऱ्या कुटुंबाला ज्या चाळीस बाबी लागू, त्याच लिंबायत-उधन्याच्या खानदेशी वस्तीत आणि त्याच धुळ्या-जळगावच्या जिल्हा रुग्णालयात. जून २०२१ पासून प्रमाणपत्र केंद्राच्या एकाच संकेतस्थळावरून देणे बंधनकारक झाले, त्यामुळे कामासाठी खानदेशातून सुरतेला गेलेल्या घराचा कागद दोन्हीकडे चालतो. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा देते आणि ऑक्युपेशनल थेरपीचा काही खर्च त्यातून निघतो.

मराठी-कोंकणी मुलखातला शास्त्रीय कामाचा सर्वांत भरीव प्रसंग गोव्याचा आहे. ‘संगाथ’ या संस्थेत गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये गोव्यातील स्वमग्न मुलांच्या कुटुंबांची फरफट मांडली : एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे, नातेवाइकांचे टोमणे, लग्नसमारंभांना जाणे बंद. त्यानंतर मँचेस्टरच्या एका पद्धतीला स्थानिक रूप देऊन गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ६५ कुटुंबांबरोबर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आले. घरी जाणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षित आरोग्यसेवक होते. आईवडील मुलाबरोबर खेळत असताना त्याचे चित्रीकरण करायचे आणि नंतर त्यांच्यासोबत ते पाहायचे, ही कामाची रीत. मूल गाडीचे चाक फिरवत असेल, तर चाक काढून घेण्याऐवजी त्याच चाकाकडे पाहत शब्द उच्चारावा, मुलाच्या पुढच्या हालचालीची वाट पाहावी. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या लयीशी जुळू लागला आणि मुले स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली. हात थांबवण्याचे कलम त्या कार्यक्रमात नव्हते.

२०१९ मध्ये स्टीव्हन कॅप आणि सहकाऱ्यांनी ३२ स्वमग्न प्रौढांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. चाळा का करता, हे त्यांना विचारले होते. गोंगाट असह्य होतो तेव्हा, विचार एकमेकांवर आदळतात तेव्हा, भीती वाटते तेव्हा आणि फार आनंद होतो तेव्हाही, अशी उत्तरे आली. बहुतेकांनी चाळा मोडण्याच्या उपचाराला विरोध केला, आणि इजा करणाऱ्या सवयींबाबत मदत हवी असल्याचेही सांगितले. चारचौघांत हात दाबून ठेवण्यात सगळी शक्ती जाते आणि समोरच्याचे बोलणे कानात शिरत नाही, असे सांगणारेही त्यांत होते. १९७१ मध्ये लोवास यांनी घड्याळ लावून मोजलेला उशीर चाळ्यात गुंतलेल्या मुलांचा होता. चाळा दाबून बसलेल्या मुलांचा वेळ तेव्हा कुणी मोजला नव्हता.